शब्दचर्चा: स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट ‘आपोआप’ चालतं म्हणावं का? (शेड्यूल, कीपर, ट्रिगर, अपकीप)

मंडळी, स्मार्ट कॉन्ट्रॅक्टकडून, म्हणजे ब्लॉकचेनवर ठेवलेल्या प्रोग्रॅमकडून, ठरावीक वेळी कामं कशी करून घेतात यावर मराठीत जरा सविस्तर लिहायला घेतलंय आणि काही शब्दांपाशी अडकलोय. ऑटोमेशनला स्वयंचलन, शेड्यूलला वेळापत्रक, कीपरला राखणदार आणि अपकीपला देखभाल असे शब्द तात्पुरते घातलेत. एक नमुना वाक्य देतो, ‘ठरलेली वेळ आली की स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट आपोआप चालू होतं आणि सगळ्यांना व्याज वाटून टाकतं.’ वाचायला सरळ वाटतं पण कुठेतरी खटकतंय. या क्षेत्रात काम करणारे लोक हे शब्द मराठीत कसे वापरता?

---

शब्दांकडे नंतर येऊ, आधी त्या वाक्यातलं ‘आपोआप’ काढा. खटकतंय ते तेच. इथेरियम या ब्लॉकचेनवर कॉन्ट्रॅक्ट स्वतःहून कधीच जागं होत नाही, त्याच्या आत घड्याळ नाही, मागे सतत चालू असलेला प्रोग्रॅम नाही, काहीच नाही. बाहेरच्या एखाद्या खात्यानं सही करून ट्रान्झॅक्शन (व्यवहार) पाठवलं, त्याचा गॅस म्हणजे कोड चालवायचं शुल्क भरलं, तरच आतला कोड चालतो आणि काम झालं की परत गप्प. एका कॉन्ट्रॅक्टनं दुसऱ्याला हाक मारता येते, दुसऱ्यानं तिसऱ्याला, पण या हाकांमधली पहिली बाहेरूनच यावी लागते. म्हणजे तुमच्या वाक्यात वेळ आहे, काम आहे, पैसे आहेत आणि नेमका ते काम करायला लावणाराच गायब आहे! मराठीत ‘आपोआप’ म्हटलं की कर्ता लागतच नाही, म्हणून तो शब्द इथे चुकीची समजूत करून देतो. मी असं लिहीन, ‘ठरलेली वेळ उलटली की कुणीही त्या कॉन्ट्रॅक्टला हाक मारू शकतं, आणि हाक मारली की व्याज वाटलं जातं.’ थोडं लांबतं पण खरं आहे.

इथेरियमचं मुख्य जाळं जुलै 2015 मध्ये सुरू झालं आणि ही अडचण लोकांच्या लगेच लक्षात आली. त्याच वर्षी पाइपर मेरियम यांनी ‘इथेरियम अलार्म क्लॉक’ नावाचा प्रकल्प केला. भविष्यातल्या ट्रान्झॅक्शनची नोंद आणि त्याचे पैसे कॉन्ट्रॅक्टमध्ये आधीच ठेवायचे आणि वेळ आली की जो कुणी ते चालवेल त्याला मोबदला मिळेल, अशी रचना. नाव गजराच्या घड्याळाचं आहे आणि उपमा म्हणून अगदी चपखल बसते, गजर लावला तरी उठणारा माणूस लागतोच. त्यामुळे शेड्यूल करणं याला मराठीत ‘नोंदवून ठेवणं’ किंवा ‘वेळ लावून ठेवणं’ बरं, वेळापत्रक नको. वेळापत्रक म्हणजे पुष्कळ कामांचा तक्ता, इथे एकच काम पुढच्या वेळेसाठी लावलेलं असू शकतं.

---

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त ‘कधीच नाही’ हे इथेरियम आणि त्याच्या धर्तीवरच्या ब्लॉकचेनपुरतं (पुढे नुसतं साखळी म्हणतो) ठेवा. सगळ्या ब्लॉकचेन तशा नाहीत. कॉसमॉसच्या एसडीकेवर, म्हणजे साखळी बांधायच्या साधनसंचावर, बांधलेल्या साखळीत प्रत्येक ब्लॉकच्या (व्यवहारांच्या गठ्ठ्याच्या) सुरुवातीला आणि शेवटी चालणारा कोड साखळीतच बसवता येतो, बिगिनब्लॉकर आणि एंडब्लॉकर म्हणतात त्याला. सबस्ट्रेट या तशाच साधनसंचामध्ये शेड्युलर नावाचं पॅलेटच (तयार जोडभाग) आहे, अमुक ब्लॉकला अमुक काम कर असं सांगून ठेवलं की नेटवर्कच ते करतं. इंटरनेट कम्प्युटर नावाच्या साखळीवर टायमर लावता येतो. तिथे मात्र ‘आपोआप’ म्हटलं तर मला चालेल, कारण बाहेरून कुणी हाक मारत नाही, साखळी चालवणारे सगळेच मिळून ते काम करतात. म्हणजे लेखात आधी कोणत्या साखळीबद्दल बोलताय ते सांगा मग शब्द निवडा.

---

टाइमलॉकबद्दल, म्हणजे ठरलेला काळ गेल्याशिवाय काम होऊ न देणाऱ्या कॉन्ट्रॅक्टबद्दल, कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो, शब्दाचा सगळ्यात मोठा घोळ मला तिथे दिसतो. ओपनझेपेलिन या तयार कॉन्ट्रॅक्टांच्या संग्रहातल्या टाइमलॉक कंट्रोलरमध्ये फंक्शनचं नावच ‘शेड्यूल’ आहे. नवीन माणूस वाचतो आणि समजतो की शेड्यूल केलं, आता दोन दिवसांनी होईल ते काम. होत नाही! त्या फंक्शननं फक्त एवढंच ठरतं की अमुक वेळेच्या आधी हे करता येणार नाही. वेळ झाल्यावर ‘एक्झिक्यूट’ हे वेगळं फंक्शन कुणीतरी चालवावं लागतं, नाही चालवलं तर ते काम तसंच पडून राहतं. कंपाउंड या कर्ज देण्याघेण्याच्या प्रकल्पाच्या टाइमलॉकमध्ये तर याला दुसरी बाजूपण आहे, वेळ झाल्यापासून 14 दिवसांचा ग्रेस पीरियड, त्यात अंमल केला नाही तर तो व्यवहार शिळा होतो आणि मग चालवता येत नाही.

आता मराठीत याला ‘मुदत’ म्हणावं का यावर मी बराच विचार केलाय. मुदत शब्द आपण दोन उलट अर्थांनी वापरतो. अर्जाची मुदत म्हणजे त्याच्या आत करा, आणि मुदत ठेव म्हणजे त्याच्या आधी हात लावू नका. कंपाउंडच्या टाइमलॉकमध्ये या दोन्ही मुदती एकापाठोपाठ एक येतात. म्हणून नुसतं मुदत लिहून भागणार नाही, पहिलीला ‘थांबण्याची मुदत’ आणि दुसरीला ‘अंमल करायची मुदत’ असं फोडून लिहा. शेड्यूलला इथे ‘रांगेत लावणं’ म्हणा, कंपाउंडवाल्यांनी स्वतः क्यू हाच शब्द वापरलाय.

---

कीपरला राखणदार म्हणायला माझा विरोध आहे. राखणदार कशाची तरी राखण करतो, कुणी शिरू नये म्हणून बसतो. कीपर तसं काही करत नाही. तो एक बॉट असतो, अट पुरी झाली का हे सतत बघत राहतो आणि झाली की ट्रान्झॅक्शन पाठवतो, आणि हे तो स्वतःच्या फायद्यासाठी करतो. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. मेकरडाओमध्ये, म्हणजे तारणावर डाय हे चलन कर्जाऊ देणाऱ्या प्रकल्पात, कीपर हा शब्द रुळला तो लिलावांमुळे, कर्जाचं तारण कमी पडलं की कीपर ते लिलावात काढायला लावणार, बोली लावणार आणि मधला फायदा घेणार. 12 मार्च 2020 ला काय झालं ते या शब्दावर बोलताना सांगायलाच पाहिजे. ईथरचा (इथेरियमच्या चलनाचा) भाव एका दिवसात कोसळला, सगळे एकदम व्यवहार करायला धावले, गॅसचा भाव भडकला आणि बऱ्याच कीपरांची ट्रान्झॅक्शन अडकून पडली, तर ज्या थोड्यांची पोचली त्यांनी शून्य डायची बोली लावून लिलाव जिंकले. सुमारे 83 लाख डॉलरचं ईथर असं फुकटात गेलं. ज्यांचं तारण गेलं त्या लोकांनी ‘सिस्टिम आपोआप लिलाव करते’ यावरच विश्वास ठेवला असणार, आणि लिलाव झालेसुद्धा, फक्त बोली लावणारे तिथे नव्हते. हे आठवलं की मला राखणदार शब्द अजिबात लिहवत नाही, तो वाचणाऱ्याला उगाच निर्धास्त करतो.

मी ‘कीपर’ तसाच ठेवतो आणि पहिल्यांदा येतो तिथे एका ओळीत सांगतो, मोबदल्यासाठी कॉन्ट्रॅक्टला वेळेवर हाक मारणारा बॉट किंवा तो चालवणारा. कीपथ्रीअर नेटवर्क 2020 मध्ये आंद्रे क्रोनिए यांनी आणलं, तिथे कीपर आणि ‘जॉब’ अशी जोडी आहे, जॉबला सरळ काम म्हणा.

---

अपकीप हा मुळात चेनलिंकचा, म्हणजे कॉन्ट्रॅक्टांना बाहेरून सेवा पुरवणाऱ्या जाळ्याचा, शब्द, त्यामुळे देखभाल केलं तर अर्थच जातो. तिथे अपकीप म्हणजे नोंदणी केलेलं एक काम. चेनलिंक कीपर्स असं आधी नाव होतं, 2022 मध्ये ते चेनलिंक ऑटोमेशन झालं. काम तीन तऱ्हांनी सुरू होतं, वेळेवर, तुम्ही लिहिलेल्या अटीवर किंवा दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टनं सोडलेल्या लॉगवर (घडलेल्या गोष्टीच्या नोंदीवर). अटीवाल्या प्रकारात दोन फंक्शनं लिहायची असतात, चेकअपकीप आणि परफॉर्मअपकीप. पहिलं चेनलिंकचे नोड्स (जाळ्यातले कॉम्प्युटर) साखळीबाहेर चालवून बघतात, करायची गरज आहे का एवढंच विचारतात, त्याला ट्रान्झॅक्शन लागत नाही. उत्तर हो आलं की दुसरं साखळीवर चालतं. मराठीत मी ‘तपासणी’ आणि ‘अंमल’ म्हणतो, ऐकणाऱ्याला पटकन समजतं. आणि लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की सांगा, अंमलाच्या फंक्शनमध्ये अट परत तपासायची, कारण तुम्ही बंदी घातली नसेल तर ते फंक्शन कुणीही बोलावू शकतं, आणि तपासणी व अंमल यांच्या मधल्या वेळात परिस्थिती बदललेली असू शकते.

ट्रिगरला मात्र ‘चालना’ छान बसतो. ‘वेळेची चालना’, ‘अटीची चालना’, ‘लॉगची चालना’. कळ दाबणं पण ऐकलंय, पण चालना बरा कारण त्यात देणारा कोणीतरी असतो, चालना कुणीतरी देतं.

---

एक बारीक गोष्ट, पण लेखात हमखास चुकते. ‘बारा वाजता चालेल’ असं लिहू नका. क्रॉनची, म्हणजे ठरावीक वेळी काम लावायची, पद्धत युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधून आलीय, मिनिट, तास, तारीख, महिना, वार अशी पाच घरं, चेनलिंकवरही वेळेचं काम तसंच लिहितात, आणि ती वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) मोजतात हे आधी सांगून टाका. पण साखळीवर वेळ सलग वाहत नाही, ती ब्लॉकागणिक पुढे सरकते. सप्टेंबर 2022 च्या ‘मर्ज’ नावाच्या बदलानंतर इथेरियमवर 12 सेकंदांचा एकेक स्लॉट, म्हणजे एका ब्लॉकसाठीची जागा, असतो, एखादा स्लॉट रिकामा गेला तर दोन ब्लॉकांमध्ये 24 सेकंद पडतात. त्यात तुमचं ट्रान्झॅक्शन पहिल्याच ब्लॉकात घेतलं जाईल असं नाही, गॅसचा भाव चढलेला असेल तर ते मागे राहतं. म्हणून ‘बारा वाजता’ नाही, ‘बारा वाजल्यानंतर’. कॉन्ट्रॅक्टमधली अटसुद्धा अशीच लिहितात, आत्ताची वेळ ठरलेल्या वेळेएवढी किंवा त्याहून जास्त आहे का, बरोबर तेवढीच आहे का असं विचारलं तर ते काम बहुतेक कधीच होणार नाही.

---

मूळ प्रश्न विचारणारा. सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. वाक्य आता असं केलंय, बघा जमतंय का: ‘कॉन्ट्रॅक्टमध्ये व्याज वाटायची वेळ लावून ठेवलेली असते. ती वेळ उलटल्यानंतर कीपर त्याला चालना देतो, गॅस भरतो आणि त्याचा मोबदला घेतो, मग व्याज वाटलं जातं. कुणीच चालना दिली नाही तर व्याज तिथेच राहतं.’ ऑटोमेशन शब्द मथळ्यात तसाच ठेवतोय, स्वयंचलन काढलं. टाइमलॉकवर वेगळा भाग करतो, दोन मुदती नीट फोडून. काम नोंदवणाऱ्यानं कीपरच्या गॅसचे आणि मोबदल्याचे पैसे आधी भरून ठेवलेले असतात आणि ते संपले की काम बंद पडतं, त्या शिल्लक रकमेला कुणी काही बरा शब्द वापरत असेल तर सांगा, मी सध्या नुसतं ‘शिल्लक’ लिहिलंय.

---

शिल्लकच ठेवा. ‘शिल्लक संपली म्हणून काम थांबलं’ हे कुणालाही कळतं.