मदत हवी आहे : धूम्रपान सोडवण्यासाठी पुण्यात समुपदेशक
माझे थोरले दीर अनेक वर्षांपासून सिगारेट ओढतात. डॉक्टरांनी दिलेले निकोटीनचे च्युइंगगम फ्रीजवर तसेच पडून आहे आणि पाकीट मात्र खिशात आहे. उपदेश सुरू झाला की ते उठून टपरी गाठतात, म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या प्रेरणात्मक संवादाच्या पद्धतीने, म्हणजे न रागावता, सिगारेट का सोडावीशी वाटते आणि का सोडवत नाही हे त्यांच्याच तोंडून वदवून घेणारे, मराठीतून बोलणारे समुपदेशक कोथरूड किंवा कर्वेनगर परिसरात कोणाच्या माहितीत आहेत का? १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी निःशुल्क आहे, परंतु फोनवर मोकळे बोलणे त्यांच्या स्वभावात नाही (आमच्याशीही ते मोजकेच बोलतात). पहिल्या भेटीला जाऊबाईंनी सोबत जावे की त्यांना एकट्यालाच जाऊ द्यावे, हेही अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.