जूनपासून जानेवारीच्या हाफ मॅरेथॉनपर्यंत: पावसाळा, ऑक्टोबर हीट आणि थंडी कशी वाटून घ्यावी?

पायवाट४२
जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारची मुंबईची हाफ (२१.१ किलोमीटर) धरायची आहे. राहणं पुण्यात, वय ४२, सध्या ५ किलोमीटरला ३६ मिनिटं. पावसात पळणं बुडतं, ऑक्टोबरमध्ये दम निघतो आणि थंडी पडली की हुरूप येऊन अंतर एकदम वाढतं, मग नडगी धरते. जूनपासूनचे ३२-३३ आठवडे कसे वाटावेत? श्रावणी सोमवार आणि नवरात्राचे उपवास असतात, तेही धरून सांगा.

सह्यवारा
नडगी थंडीमुळे धरत नाही, जून ते सप्टेंबर पाय रिकामे बसतात म्हणून धरते. दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो, हाडं आणि स्नायुबंध त्या वेगाने तयार होत नाहीत. म्हणून पावसाळा ताकदीला द्या.

जून ते सप्टेंबर: आठवड्यातून तीनदा वजनं. गॉब्लेट स्क्वॉट (वजन छातीशी धरून बैठका) आणि रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून, कमरेतून झुकून वजन उचलणं) प्रत्येकी ३ सेट ८ वेळा, पायरीवर चढ-उतार ३ सेट १० वेळा, एका पायावर टाच उचलणं ३ सेट १५ वेळा. नडगी आणि पोटरीसाठी हा शेवटचा प्रकार सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच सगळे गाळतात. आठही वेळा नीट जमल्या की पुढच्या वेळी २-२.५ किलो वाढवा. सोबत तीन दिवस सावकाश पळणं, किलोमीटरला सव्वाआठ-साडेआठ मिनिटं. आठवड्याचं अंतर १४ वरून सप्टेंबरअखेर २४, त्यात लांबची धाव १०. दर चौथ्या आठवड्याला पाव हिस्सा कमी. तो हलका आठवडा गणपतीत आणला तर घरचेही खूश.

ऑक्टोबर: अंतर आहे तिथेच ठेवा. त्याच वेगाला नाडीचे दहा-पंधरा ठोके जास्त पडतात, म्हणून घड्याळातला वेग पाहू नका. पूर्ण वाक्य बोलता येतंय का, एवढंच मोजमाप.

नोव्हेंबरपासून लांबच्या धावा अशा: ११, १२.५, १४, १०, १५, १६.५, १८, १२, १८, ११ आणि मग शर्यत. म्हणजे शेवटचे १८ दोन रविवार आधी. वजनं आठवड्यातून एकदाच, पण किलो तेवढेच ठेवून सेट दोनवर आणा. एवढ्याने कमावलेली ताकद टिकते.

उपवासाचं: रविवारी लांब पळून सोमवारी साबुदाण्यावर राहिलात तर प्रथिनं जवळजवळ शून्य, पाय भरून येणारच. श्रावणापुरती लांबची धाव शनिवारी घ्या, रविवारी नीट जेवा, सोमवारी विश्रांती. उपवासाला दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा चालतात, ते वापरा. नवरात्रात वेगाचं काही करू नका.

ओलेबूट
पावसात बुडतं ते बहुतेक बुटांमुळे. दोन जोड आलटून पालटून वापरा. घरी आल्यावर आतला तळ बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने कागद बदला. पंख्याखाली ठेवा. हीटरपुढे वाळवले की डिंक सुटतो आणि तळ कडक होतो.

मोजे सुती नकोत, पाणी धरून फोड आणतात. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, नाहीतर चिखल्या होतात आणि महिनाभर छळतात. शेवाळलेले पेव्हर ब्लॉक आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे टाळा. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात मुळीच जाऊ नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. गेलाच असाल तर ताप यायची वाट न पाहता डॉक्टरांना विचारा.

वऱ्हाडी_पाय
वरचं वेळापत्रक पुण्याला बरोबर आहे, नागपूर-अकोल्याकडच्यांनी जसंच्या तसं घेऊ नये. इकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा वजनं घरात आणि पळणं नावापुरतं. जुलै-ऑगस्ट हा उलट पळण्याचा काळ.

आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्याचा दाखला देऊन 'पावसात व्यायाम नको' म्हणणारे भेटतील. त्याने थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने, इतर वेळी त्याहून मंद व्यायाम सांगितलाय. मंद म्हणजे बंद नव्हे!

सह्यवारा
मान्य, प्रदेश बघूनच. उन्हाला सरावायला शरीराला १०-१४ दिवस लागतात. रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. म्हणून ऑक्टोबरचा पहिला आठवडा सगळ्यात जड जातो.

पाणी किती, हे अंदाजाने ठरवू नका. पळण्याआधी आणि तासभर पळून अंग पुसल्यावर, कपड्यांशिवाय वजन करा. ८०० ग्रॅम घटलं आणि वाटेत ३०० मिली प्यायलात, तर तासाचा घाम १.१ लिटर. तो सगळा भरून काढायची गरज नाही. तहानेप्रमाणे प्या, पण त्या आकड्याच्या वर कधीच नाही. धावून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं आणि सोबत डोकं दुखलं, मळमळलं, तर साधं पाणी जास्त झालंय. घरचं मिश्रण: १ लिटर पाणी, सपाट ६ चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका.

पायवाट४२
शनिवारची युक्ती लक्षात आली नव्हती. एकच शंका: पुण्याच्या थंडीत बसवलेला वेग मुंबईत टिकेल का?

सह्यवारा
तसाच नाही. जानेवारीत मुंबईची पहाट पुण्यापेक्षा पाच-सहा अंशांनी उबदार आणि दमट, घाम वाळत नाही. ऑक्टोबरचा सरावही तोवर निघून गेलेला असतो, काही आठवड्यांत तो उतरतो. शेवटच्या १२ दिवसांत चार-पाच सावकाश धावा पहाटेऐवजी नऊ-साडेनऊला, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालून घ्या, ३०-४० मिनिटांच्या. आणि पुण्यात किलोमीटरला ७:४५ मिनिटांचा वेग जमत असेल तर तिथे पहिले ५ किलोमीटर ८ ने जा. पेडर रोडचा चढ आला तर तिथे वेग सोडा, श्वासाची लय धरा. चढावर वाचवायला गेलेले १५ सेकंद मरीन ड्राइव्हवर दुपटीने जातात.