प्रतिसाद: जोड कुटुंब एकत्र राहतं का?

वर कुणीतरी लिहिलंय की स्टाइनबेकच्या ‘ग्रेप्स ऑफ रॅथ’ या कादंबरीतलं (१९३९) जोड कुटुंब, म्हणजे शेती गेल्यावर कामासाठी ओक्लाहोमाहून कॅलिफोर्नियाला निघालेलं, शेवटपर्यंत एकत्र राहतं. मला नाही बुवा तसं वाटत. आजोबा वाटेतच जातात, थोरला मुलगा नोआ नदीकाठीच राहतो, तो जावई कॉनी तर गरोदर बायकोला सोडून पळतो (डोक्यात जातो अगदी), आणि नोआच्या भावाला, टॉमलाही शेवटी लपून निघून जावं लागतं. म्हणजे घर फुटतच असतं, फक्त आई ते फुटू द्यायला तयार नसते.

सोबतच्या विल्सन लोकांची गाडी बंद पडते तेव्हा टॉम म्हणतो तुम्ही पुढे व्हा, आम्ही दुरुस्त करून मागून येतो. व्यवहारी सल्ला आहे, सगळ्यांना पटतो पण, आणि ही बाई जॅकचा लोखंडी दांडा उचलून नवऱ्यासमोर उभी राहते, की बघू मला कोण हलवतंय! त्याच बाईने पुढे वाळवंट ओलांडताना रात्रभर मेलेल्या आजीशेजारी पडून काढलीये, तपासणीवाल्यांना म्हातारी फार आजारी आहे सांगून, का तर गाडी थांबली असती.

आणि तिकडे पोचल्यावर फळं तोडायच्या मजुरीचं गणित बघा ना, पीचची पेटी भरली की ५ सेंट, त्यातही डागी फळं निघाली तर पेटी बाद, आणि वाणसामान मळ्याच्याच दुकानात चढ्या भावाने. तिथे आईला साखरेला पैसे कमी पडतात तर तो दुकानातला कारकून स्वतःच्या खिशातले १० सेंट गल्ल्यात टाकतो, तोही बिचारा पगारीच. हा प्रसंग कुणीच कसा काढला नाही इथे?