मदत हवी आहे: दुखत नसलेल्या खांद्याला केटी टेप लावून दुखापत टाळता येते का?

नमस्कार.

माझी मुलगी शाळेच्या सतरा वर्षांखालील व्हॉलीबॉल संघात खेळते आणि नेटच्या डाव्या टोकावरून स्मॅश मारणे हे तिचे मुख्य काम आहे. आम्ही कोल्हापुरात, शिवाजी पेठेत राहतो. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा जवळ आल्यामुळे तिच्या प्रशिक्षकांनी संघातील सर्व मुलींना कातडीवर चिकटवायच्या लवचिक टेपचा (केटी म्हणजे किनेसिओलॉजी टेप) एकेक रोल विकत घेऊन सरावाच्या दिवशी उजव्या खांद्याला ती टेप लावून येण्यास सांगितले आहे. सध्या संघात कोणाचाही खांदा दुखत नाही. पुढे दुखू नये एवढाच यामागचा उद्देश आहे. सरांच्या तळमळीबद्दल मला तिळमात्र शंका नाही, परंतु दुखऱ्या खांद्यावरचा उपाय धडधाकट खांद्यावर केल्याने दुखापत खरोखरच टळते का, याविषयी जाणकारांचे मत मला हवे आहे.

मुलीच्या खांद्याची स्थिती आधी सांगते. तिला पाठमोरी उभी करून दोन्ही हात वर न्यायला आणि सावकाश खाली आणायला सांगितले, तर हात खाली येताना उजव्या फऱ्याच्या हाडाची आतली कड पाठीपासून किंचित उचललेली दिसते. डावीकडे तसे होत नाही. उताणे झोपवून कोपर खांद्याच्या रेषेत आणि काटकोनात ठेवले, तर उजवा पंजा पायांच्या दिशेने डाव्याइतका खाली झुकत नाही. वेदना मात्र अजिबात नाही. आमच्या ओळखीच्या फिजिओथेरपिस्टबाईंनी सांगितले की, हाताने सतत डोक्यावरून फेकणाऱ्या किंवा मारणाऱ्या खेळाडूंमध्ये हा फरक पुष्कळदा आढळतो. हात वर जाताना फऱ्याचे हाड वरच्या बाजूला फिरावे आणि थोडे मागे कलावे लागते. ते काम करणारे सेराटस अँटिरियर आणि ट्रॅपेझियसचा खालचा भाग हे स्नायू थकले की हाड हवे तसे फिरत नाही आणि रोटेटर कफच्या, म्हणजे खांद्याचा सांधा जागेवर धरून ठेवणाऱ्या स्नायूंच्या गटाच्या, स्नायुबंधांवर ताण वाढतो. सरावाच्या शेवटी शेवटी तिचे कोपर खाली पडू लागते, ते बहुधा यामुळेच.

टेपविषयी मी जमेल तेवढे वाचले आहे. जपानचे केन्झो कासे यांनी ती 1970च्या दशकात विकसित केली. 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बीच व्हॉलीबॉलपटू केरी वॉल्श हिच्या खांद्यावरची काळी पट्टी जगभर दिसली आणि तेव्हापासून या टेपचा बोलबाला झाला. (आमच्या संघातील मुलींना रंग कोणता घ्यावा, हाच प्रश्न सध्या सर्वांत महत्त्वाचा वाटतो आहे.) मात्र 2008 मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत खांदा दुखणाऱ्या 42 विद्यार्थ्यांपैकी ज्यांना खरी टेप लावली होती, त्यांना ती लावल्याबरोबर हात वेदनेशिवाय अधिक वर नेता आला, पण काही दिवसांनी खोट्या पट्टीच्या गटात आणि त्यांच्यात फरक उरला नाही. बेसबॉल खेळाडूंवरील 2009च्या एका अभ्यासात हात खाली आणताना ट्रॅपेझियसच्या खालच्या भागाचे काम टेपमुळे वाढल्याचे दिसले, आणि ही गोष्ट माझ्या मुलीला लागू पडेल असे वाटून मला थोडी आशाही वाटली; पण ते खेळाडूही दुखऱ्या खांद्याचेच होते. रोटेटर कफच्या दुखण्यावरील चाचण्यांचा 2021चा कॉक्रेन (वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणारी संस्था) आढावा तर टेपचा फायदा अनिश्चितच मानतो.

याउलट नॉर्वेतील 660 हँडबॉलपटूंवरील 2017चा अभ्यास दुखापत टाळण्याविषयीच होता. त्यात टेप नव्हती. खांदा बाहेरच्या दिशेने फिरवणाऱ्या स्नायूंचे बळ, फऱ्याच्या हाडावरचा ताबा आणि खांद्याची आतल्या दिशेची लवचिकता यांसाठीचे सुमारे दहा मिनिटांचे व्यायाम आठवड्यातून तीनदा वॉर्मअपमध्ये घेतले गेले. व्यायाम करणाऱ्या संघांमध्ये खांद्याच्या तक्रारींचा धोका 28 टक्क्यांनी कमी आढळला. हँडबॉल आणि व्हॉलीबॉल यांत फरक आहे हे मान्य, तरी सरावातील वेळ रोज टेप चिकटवण्यात घालवण्यापेक्षा या व्यायामांना द्यावा, असे माझे मत बनत चालले आहे.

खर्चाचाही विचार करावा लागतो. पाच मीटरच्या रोलमधून पंचवीस सेंटीमीटरच्या वीस पट्ट्या निघतात आणि एका खांद्याला दोन पट्ट्या धरल्या तर रोल दहा वेळा पुरतो. एकदा लावलेली टेप तीन ते पाच दिवस टिकते असे सांगतात, परंतु आमच्या घरी ती संध्याकाळपर्यंतही टिकत नाही, कारण माझे सासरे जुने तालमीतले असून नातीच्या खांद्याला रोज तेलाने मालीश केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. तेलकट कातडीवर टेपचा गोंद धरत नाही, हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी, 'मग ती पट्टी कामाची नव्हे,' असा निकाल दिला. त्यात पावसाळ्याचे दिवस असल्याने घामाने कडा सुटतात ते वेगळेच. संघातील एका मुलीने टेप फार ताणून चिकटवल्यामुळे पट्टीच्या टोकाशी कातडीवर फोड आला होता.

माझी खरी काळजी निराळीच आहे. टेप लावल्यावर खांदा सुरक्षित झाला असे समजून मुली जंप सर्व्हचा आणि स्मॅशचा सराव वाढवतील आणि दुखणे सुरू झालेच, तर टेपच्या तात्पुरत्या आरामामुळे ते सांगायला उशीर करतील, अशी मला भीती वाटते. असा अनुभव कोणाला आला आहे का? की टेपच्या स्पर्शामुळे खांद्याची ठेवण लक्षात राहते आणि तेवढ्यासाठी व्यायामाच्या जोडीने ती वापरणे योग्य ठरते? मुलीच्या फऱ्याच्या हाडाकडे पाहता तिला एकटीला टेपचा उपयोग होऊ शकेल का, आणि होत असेल तर पट्टी किती ताण देऊन कोठून कोठपर्यंत लावावी, हेही कृपया सांगावे.

उत्तर देताना आपण खेळाडू, प्रशिक्षक की फिजिओथेरपिस्ट, याचा उल्लेख केल्यास बरे होईल. येत्या रविवारी सरांनी पालकांची बैठक बोलावली असून वॉर्मअपमधील दहा मिनिटे खांद्याच्या व्यायामासाठी ठेवावीत, ही विनंती मी तेथे करणार आहे. व्हॉलीबॉलच्या मुलींकडून असे व्यायाम नियमित करून घेणारे कोणी येथे असतील, तर त्यांनी कोणते व्यायाम निवडले आणि मुलींनी ते कंटाळा न करता चालू ठेवले का, हे त्याआधी कळवावे.