दुष्काळात शेतकरी कुटुंबाला आधी काय मिळावे: रोख रक्कम की पाणी?

मूळ मांडणी:
पाऊस हुकला आणि पीक गेले, एवढ्यावर दुष्काळाचा हिशेब संपत नाही. ज्या महिन्यांत शेतकऱ्याचे उत्पन्न बुडते त्याच महिन्यांत धान्य महागते, आणि चारा संपल्यामुळे सगळ्यांनीच जनावरे बाजारात काढल्याने त्यांचे भाव मात्र कोसळतात. बरगड्या दिसू लागलेल्या गाईच्या पाठीवरून व्यापारी हात फिरवतो, तेव्हा विकणाऱ्याला नाही म्हणण्याची सोय उरलेली नसते. पुढच्या वर्षी पाऊस आला तरी बैल नाही, बियाणे नाही, डोक्यावर कर्ज आहे, म्हणून पेरणी अर्धवट होते आणि एका वर्षाचा दुष्काळ कित्येक वर्षांचे दारिद्र्य मागे ठेवून जातो. म्हणून नुकसानीच्या पाहणीची वाट न पाहता, पावसाची तूट ठरावीक मर्यादेपलीकडे जाताच, पहिले जनावर विकले जाण्याआधी कुटुंबाच्या हाती रोख रक्कम पडली पाहिजे. सोमालियात २०१० च्या उत्तरार्धापासून इशारे मिळत होते. संयुक्त राष्ट्रांनी दुर्भिक्ष जाहीर केले ते २० जुलै २०११ रोजी. यादवीमुळे मदत पोचणे कठीण होते हे खरे, पण त्या संकटात सुमारे अडीच लाख माणसे दगावली आणि त्यांतली निम्मी पाच वर्षांखालील मुले होती.

प्रतिसाद १:
असहमत. रोख रकमेने एक हंगाम निभावतो, जमीन मात्र कोरडीच राहते. जगातील पिकाखालच्या जमिनीपैकी सुमारे ८० टक्के जमीन पावसाच्या भरवशावर आहे, आणि फुलोऱ्यात किंवा दाणे भरताना एखादे संरक्षित पाणी, म्हणजे पीक तगवण्यापुरती पाण्याची एक पाळी, मिळाले तरी हातचे जाणारे पीक बऱ्याच अंशी वाचते. तोच पैसा बांधबंदिस्तीत आणि शेततळ्यांत घातला, तर जनावर विकण्याची वेळच टळेल. शिवाय बाजारात धान्यच नसेल तर वाटलेला पैसा भाव चढवतो, आणि ज्यांना तो मिळाला नाही त्यांचे हाल वाढतात.

मूळ लेखकाचे उत्तर:
बाजार तुटलेला असेल तिथे धान्यच द्यावे लागेल, हे मान्य. पण तुटवडा नेहमी धान्याचाच असतो असे नाही. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले की १९७३ मध्ये इथिओपियाच्या वोलो प्रांतात धान्याचे भाव फारसे चढले नव्हते, काही धान्य तर प्रांताबाहेर जात होते, तरीही माणसे उपासमारीने मेली, कारण पीक बुडालेल्या शेतकऱ्याकडे ते विकत घेण्याची ऐपत उरली नव्हती. आणि शेततळ्याला मुळात जमीन लागते. जो तो खोल विंधन विहीर घेऊ लागला की आधी आटते ती गरिबाची उथळ विहीर.

प्रतिसाद २:
दोघेही शेतमालकाबद्दलच बोलत आहात. मदत जमिनीच्या नोंदीवर ठरली की मजूर वगळला जातो. पेरणी नाही, खुरपणी नाही, कापणी नाही, म्हणजे त्याची मजुरी पिकाच्याही आधी बुडते. घरातही भूक सारखी वाटली जात नाही. डब्याच्या तळाला माप घासू लागले की आई आधी स्वतःचा वाटा कमी करते, मग एक वेळचे जेवण सोडते, आणि ती गरोदर किंवा अंगावर पाजणारी असेल तर त्याची झळ बाळाच्या वाढीला लागते. पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली वाढ पुढे सहसा भरून येत नाही. कर्त्या पुरुषाच्या हाती दिलेली रोख रक्कम अनेकदा थेट सावकाराकडे जाते. ती बाईच्या नावावर द्या.

प्रतिसाद १:
मजुरांचा मुद्दा मला पटला. इथिओपियाने २००५ पासून राबवलेल्या योजनेत काम करू शकणाऱ्यांना मृद्‌ व जलसंधारणाच्या कामांवर मोबदला मिळतो आणि ज्यांना काम जमत नाही त्यांना थेट मदत मिळते. मजुरी आणि पाणी दोन्ही साधणारा हा मार्ग मला नुसत्या वाटपापेक्षा योग्य वाटतो.

प्रतिसाद २:
कामाचा मोबदला वेळेवर पडला तरच. अर्धपोटी बाईने दिवसभर माती उपसायची आणि पैसे दोन महिन्यांनी मिळायचे असतील, तर तोवर तिच्या दारची शेळी विकली गेलेली असेल.