17 जूनला ताबा, मग जूनचं भाडं किती द्यायचं? (गोरेगाव, बजेट 28 हजार)

आरेच्या_अलीकडे
नमस्कार मंडळी. मी आणि आई गोरेगाव पूर्वेला वन बीएचके भाड्याने घेतोय. 11 महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, 17 जून ते 16 मे. मालकांनी दोन पर्याय दिलेत: 28,000 भाडं आणि 1 लाख डिपॉझिट, नाहीतर 24,000 भाडं आणि 5 लाख डिपॉझिट. महिन्याला 28 च्या वर एक रुपया जमणार नाही. जूनचे 14 दिवस कसे मोजायचे? एजंट म्हणतो अर्धा महिना धरा, 14,000 द्या. आणि दोन्हींतलं कुठलं घ्यावं?

घोडबंदर_रोड
28 मध्ये गोरेगावला काय मिळणार? मी ठाण्यात 36 देतो, टू बीएचके, दोन बाल्कन्या, पार्किंग. थोडं वाढवा आणि इकडेच या.

आरेच्या_अलीकडे
दादा, वाढवता येत नाही म्हणूनच विचारतेय.

आकडेमोड
14,000 देऊ नका. 28,000 भागिले 30 गुणिले 14 म्हणजे 13,067.

दहिसरकर
30 ने का भागायचं? वर्षाचं भाडं 3,36,000, भागिले 365, दिवसाचे 920 रुपये 55 पैसे. 14 दिवसांचे 12,888. आमच्या ऑफिसने गेस्ट हाऊसचं भाडं असंच दिलं होतं.

आकडेमोड
जून झाला, पण शेवटचे मे महिन्यातले 16 दिवसही मोजा. 30 ने भागलंत तर 14 आणि 16 मिळून बरोब्बर 28,000 होतात, म्हणजे 11 महिन्यांची 11 भाडी. जूनला 30 ने आणि मेला 31 ने भागलंत तर 27,518. 365 ने 27,616. मालक शेवटी यावरूनच वाद काढतात. '30 दिवसांचा महिना' असं करारात लिहून घ्या. नाहीतर भाड्याचा महिनाच 17 ते 16 ठेवा, तुकडे पडतच नाहीत.

पीजी_अंधेरी
मी आठवड्याला 3,500 देतो, महिन्याचे 14,000. सोपं आहे, आठवड्याचं ठरवा.

आकडेमोड
नाही हो, वर्षात 52 आठवडे असतात. 3,500 गुणिले 52 भागिले 12 म्हणजे महिन्याला 15,167 जातात तुमचे.

पीजी_अंधेरी
पण मी महिन्यात चारदाच देतो!

दहिसरकर
वर्षातून चार महिने पाचदा देत असणार. पासबुक बघा.

गिरगावची_ताई
आमची पागडीची (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन घेतलेली, नाममात्र भाड्याची) खोली, सासऱ्यांच्या वेळेपासून. भाडं अजून तीन आकड्यांतही नाही. भाड्याने राहायचंच असेल तर पागडी शोधा.

मुलुंड_चेकनाका
ताई, पागडीला आधी हातात किती रोकड लागते ते सांगा की! मूळ प्रश्नावर येतो. 5 लाख अजिबात देऊ नका. माझ्या आधीच्या मालकाने दीड लाख पाच महिने अडकवले, रंगाचे म्हणून 20 हजार कापले. आजही आठवलं की झोप उडते.

दहिसरकर
+1. हेवी डिपॉझिट नको.

घोडबंदर_रोड
याला हेवी डिपॉझिट म्हणत नाहीत. भाडं शून्य असेल तेव्हा हेवी.

मुलुंड_चेकनाका
आमच्याकडे यालाही हेवीच म्हणतात.

आकडेमोड
नाव काहीही द्या. जादा 4 लाखांवर वर्षाला 48,000 वाचतात, म्हणजे 12 टक्के. एफडीला 7 टक्के धरले तरी 28,000, त्यावर पुन्हा कर. आकड्यांत दुसरा पर्याय सरस आहे, पण अख्खी रक्कम एका माणसाच्या भरवशावर राहते. मी देणार नाही. स्टँप ड्युटीत फारसा फरक नाही: एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून त्याच्या पाव टक्का. दोन्हीकडे आठशेच्या आसपास. नोंदणी फी 1,000.

एचआर_वाशी
जुन्या कर पद्धतीत असाल तर एचआरएची (पगारातल्या घरभाडे भत्त्याची) सूट भाड्यावर मिळते, डिपॉझिटवर नाही. भाडं कमी झालं की सूटही कमी होऊ शकते. आणि भाडं वर्षाला लाखाच्या वर गेलं की ऑफिसला मालकाचा पॅन द्यावा लागतो, तो आत्ताच मागून ठेवा.

सोसायटी_सेक्रेटरी
नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) मालकाने भरायचे, तेही सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपर्यंतच. 24 अधिक मेंटेनन्स की मेंटेनन्ससकट, हे विचारलंत का? सगळे भागाकारात रमलेत.

आरेच्या_अलीकडे
सेक्रेटरीकाका, आत्ता फोन करून विचारलं. मेंटेनन्ससकट आहे. खूप आभार.

आरेच्या_अलीकडे (चार दिवसांनी)
ठरलं. 24,000 आणि 5 लाखच घेतलं. तुम्ही सगळे नको म्हणालात, पण आईच्या औषधांना दरमहा साधारण चार हजार लागतात आणि माझी एफडी मेमध्येच सुटली होती. 5 लाख चेकने दिले, चेक नंबर करारात आहे, नोंदणी झाली. 'ताबा परत देताना त्याच दिवशी डिपॉझिट' आणि 'रंगाचे पैसे कापणार नाही' ही दोन वाक्यं मालकांनी स्वतः लिहिली. भाड्याचा महिना 17 ते 16 ठेवला.

मुलुंड_चेकनाका
चावी देण्याआधी पैसे खात्यात आलेत का बघा. आधी पैसे, मग चावी.

घोडबंदर_रोड
ठाण्याचं अजून सांगतो, माझ्याच मजल्यावर एक रिकामा आहे.