डिप्रेशनवर चिंध्या निवडून काय होणार? (सांगली)

भडंगवाला: नमस्कार मंडळी, आम्ही विश्रामबागचे. आईला डिप्रेशन, एन्झायटी पण आहे, गोळ्या चालू होऊन दीड महिना झाला, झोप लागतीय पण दिवसभर नुसती खिडकीपाशी बसून असते. आता डॉक्टरांनी ऑक्युपेशनल थेरपी (रोजची साधी कामं करून घेत उपचार) सांगितली, तर तिथल्या मॅडमनी पहिल्या दिवशी चिंध्यांचे रंग वेगळे करायला लावले! बाबा म्हणतात बालवाडी आहे काय ही, रिक्षाचे पैसे फुकट. कुणाला अनुभव आहे का, खरं सांगा.

मिरजेची_ताई: बाबांना म्हणावं जरा दमानं. मी स्वतः पेशंट होते, आठवडाभर नुसता सुईत दोरा ओवत होते, हात थरथरायचा, तीनदा चुकलं की रडूच यायचं. मॅडम काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी मोठ्या नेढ्याची सुई समोर ठेवली बस्स. मग चार बोटं धावदोरा, मग एक ठिगळ, असं वाढवत नेतात. गोधडी निमित्त हो, ठरल्या वेळेला आंघोळ करून घराबाहेर पडणं हेच अर्धं काम. मूड आला की करू म्हणून बसलं तर मूड येतच नाही, आधी हात हलवायचा. आणि डोक्यात चक्र सुरू झालं की टाके मोजायचे, मी अजून मोजते, गॅसवर दूध असलं तरी (उतू जातं ते वेगळं).

रिकामटेकडा_सातारा: सगळ्यांना सगळं चालत नाही पण. आमच्या मामाला रंगवायची वही दिलेली, माणूस आयुष्यभर सुतारकाम केलेला, त्यानं ती भिरकावली. मग दुसऱ्या थेरपिस्टनं आधी काय करायचात विचारलं आणि एक पाट अन् पॉलिश पेपर हातात दिला. तासभर घासत बसला गडी! आईला काय आवडायचं ते मॅडमना सांगा की.

मिरजेची_ताई: हे बरोबर. आणि गोळ्या मनानं बंद करू नका, थेरपी त्यांच्या जोडीला असते. रात्री फारच घाबरल्या तर १४४१६ ला फोन करा, टेली-मानस म्हणून मानसिक त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलता येतं.

भडंगवाला: आई पूर्वी गल्लीतल्या पोरांचे गॅदरिंगचे ड्रेस शिवायची, डोक्यातच नाही आलं. मशीनवर आम्ही इस्त्रीचे कपडे रचलेत, काल ते काढले तर पट्टा तुटलेला. पायमशीनचा चामडी पट्टा कुठं मिळेल?

रिकामटेकडा_सातारा: मारुती रोडला चौकशी करा. आईलाच घेऊन जावा.